फुंकणीतलं उत्तर

मंडळी, आधीच सांगून टाकते... भुताखेतांच्या गप्पा रंगात आल्या की उठून चहा टाकायला जाणारी बाई ती मी. भीतीने नाही हो, कंटाळ्याने. माझं सासर राजापूरकडचं. तिथे दर आंब्याखाली कुणाला ना कुणाला काहीतरी 'दिसलेलं' असतं आणि प्रत्येक गोष्टीत ऐन मोक्याला बॅटरीचे सेल संपलेले असतात. मी विचारायचे, "पण सेल कधी बदलले होते?" मग सगळे माझ्याकडे असे बघायचे, जसं काही रंगाचा बेरंग करायला मला कुणी सुपारी दिली आहे. आमचे हे मला 'वकिलीणबाई' म्हणायचे.

हे आता नाहीत. मुलगी बंगळुरूला नोकरी करते. मी विरार पूर्वेला, चंदनसारला, वन बीएचकेमध्ये एकटी राहते. संध्याकाळी टीव्ही चालू ठेवते. बघत नाही, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून. हे मुद्दाम लिहिलं, कारण पुढचं वाचून तुमच्यापैकी कुणीतरी म्हणणारच — "बाई एकटी राहते, भास झाला असेल." म्हणा. मीही स्वतःला तेच समजावून पाहिलं आहे.

धंद्याने मी ड्राफ्ट्समन. बाईला काय म्हणायचं ते अजून कुणी ठरवलं नाही, म्हणून ड्राफ्ट्समनच. पूर्वी अंधेरीला एका आर्किटेक्टकडे होते, आता घरूनच कामं घेते. जुन्या घरांची मेजर्ड ड्रॉइंग्ज करते. म्हणजे उभ्या घराचं भिंत न् भिंत, दार न् दार मोजायचं आणि कागदावर उतरवायचं. बहुतेक वेळा हे काम घर पाडायच्या आधी निघतं. मी टेप घेऊन एखाद्या घरात शिरले की समजावं, घराचे दिवस भरले.

गेल्या ऑक्टोबरात कॅनडाहून एका माणसाचा फोन आला. नेल्सन त्याचं नाव. (नावं बदलली आहेत.) म्हणाला, "मॅडम, वसईला राजोडी बीचच्या अलीकडे आमचं फॅमिली हाउस आहे. व्हिक्टोरियन आहे. त्याचं पुढे काय करायचं ते अजून ठरलं नाही, पण ड्रॉइंग करून ठेवा."

'व्हिक्टोरियन' ऐकून मी मनात हसले. आपल्याकडे दोन कमानी आणि एक गंजलेलं फाटक असलं की घर व्हिक्टोरियन होतं! पण दुसऱ्या दिवशी रिक्षा केळीच्या वाडीतून वळली आणि मी ती तिथेच थांबवायला लावली. ते खरोखरच व्हिक्टोरियन होतं... आणि नव्हतंही.

पुढे लांब व्हरांडा, त्याला ओतीव लोखंडाचे बारीक खांब, खांबांच्या डोक्यावर लोखंडाचीच पानं. वर उंच, निमुळतं कौलारू छप्पर आणि छपराच्या कडेने लाकडात कातरलेली झालर, थेट क्रोशाच्या लेससारखी. दारांच्या वर अर्धगोलात लाल-निळ्या काचा. वरच्या मजल्यावर पश्चिमेकडे भिंतीतून पुढे आलेली तीन बाजूंची खिडकी, जिच्यातून सुरूची झाडं आणि त्यांच्यामागे समुद्राची पट्टी दिसते. शनिवार-रविवारी बीचवर जाणारी पोरंपोरी फाटकाशी बाइक थांबवून सेल्फी काढतात. आळीत त्याला कुणी व्हिक्टोरियन वगैरे म्हणत नाही. 'लोखंडाचं घर' म्हणतात.

नेल्सनची आई, फिलोमिना, व्हरांड्यात बसून चवळीच्या शेंगा मोडत होती. वय ऐंशीच्या पुढे, फुलाफुलांचा कॉटनचा झगा, गळ्यात क्रॉस, गुडघ्यांना क्रेप बँडेज.

"नमस्ते आंटी, मी माप घ्यायला आले."

"आंटी कोनाला म्हनते? टेलर हाय का तू?" मग स्वतःच खुदकन हसली. "फिलूबाय म्हन. सगळे म्हनतात. चाय घे पयलं, घर कुटं पलून नाय जायाचं."

शेजाऱ्यांशी ती त्यांच्या घरच्या बोलीत बोलायची तेव्हा मला अर्धंही कळत नसे. माझ्याशी मात्र असं, माझ्यासाठी जरा सरळ केलेलं बोलायची. पहिल्याच दिवशी काठी टेकत तिने मला सगळा तळमजला दाखवला. घर नवऱ्याच्या आज्याने बांधलेलं. पेद्रू आजा मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. साहेबाच्या बंगल्यात काहीतरी दुरुस्तीला गेला, बंगला डोक्यात घेऊन परत आला, आणि मग आयुष्यभर राबून गावात तसाच उभा केला. खांब गलबतातून खाडीपर्यंत आणले, तिथून बैलगाडीने. नकाशा नाही, आर्किटेक्ट नाही. सगळं बघून बघून, आठवून आठवून.

आणि म्हणून त्या घरात एक अशी वस्तू होती जी मी वसईत तोवर कुठेच पाहिली नव्हती. हॉलच्या भिंतीत फायरप्लेस! संगमरवरी चौकट, वर फळी, सगळं जागच्या जागी. शेकोटी! आमच्या या घामट हवेत! मी वाकून वर पाहिलं तर आत चिमणीच नाही. म्हणजे भिंतीचा फुगवटा छपरापर्यंत गेलेला, आतून पोकळ, पण धूर जायला तोंडच ठेवलेलं नाही.

"आज्याने सायबाकडं बगलं, तसंच पायजे म्हनला," फिलूबाय सांगायला लागली. "वरचं भोक काय त्याने बगलं नवतं. नाताळाला एकदा पेटवली. सगळी आळी पानी घेऊन धावत आली!" त्या दिवसानंतर ती शेकोटी पुन्हा पेटली नाही. तिच्यात घरचा आल्तार, म्हणजे देव्हारा, मांडला. तेव्हापासून मारियामाता तिथे, शेकोटीच्या कोनाड्यात, प्लास्टिकच्या मोगऱ्याच्या माळेत उभी.

शेकोटीच्या बाजूला भिंतीत पितळेचं एक फुलासारखं उमललेलं तोंड होतं. त्याला लाकडी बूच, बुचाला साखळी. मी ओळखलं. जुन्या विलायती घरांत असायची ही बोलायची नळी. एका तोंडात फुंकलं की दुसऱ्या तोंडाशी शिटी वाजते, मग बूच काढून बोलायचं. पुस्तकात पाहिली होती, प्रत्यक्षात पहिल्यांदाच. घरचे तिला 'फुंकणी' म्हणायचे. चुलीची असते तीच, फक्त भिंतीत बसवलेली.

"ही वर जाते?"

"वरच्या खोलीत. नेल्सनचा बाबा असायचा तितं."

नेल्सनचा बाबा म्हणजे तिचा नवरा, बस्त्याव. त्याला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा सगळे म्हणाले, खाली ठेवा. तो ऐकेना. त्याला त्या खिडकीतून समुद्र दिसायला हवा होता. हिचे गुडघे गेलेले, दिवसातून एकदा कशीबशी वर चढायची. बाकी सगळा संसार फुंकणीतून. पाणी हवं, पेज नको, कोण आलंय, कोण गेलं. आणि संध्याकाळी रोजरी.

आता माझ्यासारख्यांसाठी थोडं सांगते. रोजरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना. आपल्या आरतीसारखं सगळे एकदम म्हणत नाहीत. एकाने अर्धी म्हणायची आणि थांबायचं, उरलेली अर्धी बाकीच्यांनी म्हणायची, असं पुन्हा पुन्हा. ऑक्टोबर तर रोजरीचाच महिना. पूर्वी आळीतली माणसं या हॉलमध्ये जमायची. मग ती कमी होत गेली आणि शेवटी ही दोघंच उरली — खाली हिने अर्धी म्हणायची, वरून त्याने फुंकणीतून उरलेली. तो वारल्यालाही आता काही वर्षं झाली होती.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नेल्सनचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज वेगळा.

"मॅडम, एक पर्सनल विचारू? तुम्ही दिवसभर तिथे असता. ममा... ठीक वाटते का तुम्हाला?"

"माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. का हो?"

"आमची कझिन रीटा डबा देते ना तिला, ती सांगते की ममा त्या पाइपशी बोलते. म्हणते, डॅडी उत्तर देतात. डॉक्टर म्हणाले, अशी सुरुवात असेल तर एकटं ठेवू नका. मी एका चांगल्या ओल्ड एज होमचं बघून ठेवलंय, वसईतच आहे. नाताळात येतो तेव्हा शिफ्ट करीन. मग घर बिल्डरला... बघू. पण मला नक्की कळत नाही. रीटा सातिवलीला कामाला, सुट्टीचा दिवस सोडला तर संध्याकाळी तिथे नसते. तुम्ही एकदा संध्याकाळी थांबून बघाल? मला फक्त खरं सांगा."

मला हे अजिबात आवडलं नाही. मी भिंती मोजणारी बाई, माणसांची डोकी मोजायला नाही आले, असं तोंडावर आलं होतं. पण तोही बिचारा एवढ्या लांबून कुणाला विचारणार? "बघते," म्हटलं.  म्हणजे ही म्हातारी या घरात राहणार की उचलून होममध्ये नेली जाणार, ते आता माझ्या तोंडातून काय निघतं त्यावर होतं.

त्याच दिवशी थांबले. हॉलच्या जमिनीला जुन्या नक्षीच्या लाद्या आहेत — आठ पाकळ्यांचा तारा, मध्ये निळा चौकोन — त्यांची मांडणी कागदावर उतरवत मी कोपऱ्यात गुडघ्यांवर बसले होते. उजेड होता अजून. दारावरच्या काचेतून लाल पट्टा भिंतीवर पडला होता. चर्चची घंटा वाजली. फिलूबायने मेणबत्ती लावली, खुर्ची शेकोटीशी ओढली, फुंकणीचं बूच काढलं आणि माळ हातात घेऊन म्हणायला लागली. अर्धी म्हटली आणि थांबली.

आणि फुंकणीतून उत्तर आलं.

पुरुषाचा आवाज. जड, सावकाश, जिभेची एक बाजू नीट वळत नसल्यासारखा. नळीतून येणारा, म्हणून जरासा पोकळ. मंडळी, मी घाबरले नाही, कारण मला काही विशेष वाटलंच नाही! मी लाद्या मोजत राहिले. उलट मनात चिडले, की वर कुणी आजारी नातेवाईक राहतोय आणि मला सांगायची पद्धत नाही. ही म्हणायची, तो उरलेलं म्हणायचा. माळ संपली. तिने बूच लावलं.

मी टेप गुंडाळत म्हटलं, "फिलूबाय, वर कोण काका आहेत? उद्या त्यांच्या खोलीचं माप घ्यायचंय, जरा सांगून ठेवा."

 ती काठी न घेता उठली, धरत-धरत माझ्यापर्यंत आली आणि माझं मनगट पकडलं.

"तुला आयकू आलं?"

"म्हणजे काय? एवढं स्पष्ट..."

"रीटाला नाय आयकू येत. फादरना बोलवलेलं, त्यांना पन नाय." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "मला वाटाया लागलं व्हतं, माजंच डोकं फिरलं का काय. तुला आयकू आलं ना? खरं सांग, पोरी."

मी जिन्याने वर गेले. दोन-दोन पायऱ्या चढत गेले. वरची खोली रिकामी होती. गुंडाळलेली गादी, एक लोखंडी खाट, खिडकीत मावळतीचा उजेड. धुळीवर पावलाचा एकही ठसा नाही.

तेव्हा घाबरले. घरी येऊन दोन्ही कड्या लावल्या. टीव्ही लावला, आवाज मोठा केला, दिवा न मालवता झोपले. पण सकाळी वकिलीणबाई जागी झाली. नळी आहे ना? मग नळीचं दुसरं टोक कुठेतरी उघडं असणार. शेजाऱ्याचा रेडिओ, मोबाइल, चर्चचा स्पीकर... काहीतरी आत शिरत असणार. उन्हं वर आल्यावर वायर, टॉर्च आणि शिडी घेऊन मी त्या नळीच्या मागे लागले.

वरच्या खोलीत फुंकणीचं तोंड नव्हतंच. तिथे भिंतीवर प्लास्टरचा गोल डाग. खाली हॉलमधून वायर आत सारली तर थोडी वर जाऊन ठक्कन अडकली. आल्ताराच्या कोनाड्यातून डोकं घालून, टॉर्च मारून पाहिलं — नळी दोन मजल्यांच्या मध्ये कापलेली. तोंडात सिमेंट भरलेलं. तिच्या वर आडवा लोखंडी गर्डर.

"बस्त्याव गेल्यावर वाळवी लागली लाकडाला," फिलूबायने शांतपणे सांगितलं. "नेल्सनने नवा गर्डर टाकला. मधी येत व्हती म्हनून गवंड्याने कापली. वरचं तोंड नेल्सन घेऊन गेला, कॅनडाला भिंतीवर लावलंय. बाकीची भंगारात."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, ही कुठेच जात नाही?"

"मीच चाय दिला ना गवंड्याला."

"मग उत्तर कुठून येतं?"

तिने खांदे उडवले. "मी कशाला इचारू? इचारलं आनि बंद झालं तर?"

मी वायर गुंडाळायला घेतली.

त्या संध्याकाळी पुन्हा थांबले. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून फुंकणीच्या तोंडाशी ठेवला. उत्तर आलं, माझ्या कानांनी ऐकलं. रात्री घरी रेकॉर्डिंग लावलं. त्यात फिलूबाय आहे, कावळा आहे, रस्त्यावरून गेलेली बाइक आहे, माझा खोकला आहे. उत्तर नाही. पण जिथे उत्तर यायला हवं तिथे बरोबर तेवढीच मोकळी जागा आहे, आणि ती संपल्यावर फिलूबाय पुढे म्हणायला लागते. मी ते कितीतरी वेळा ऐकलं. भीती गेली आणि नुसतं वाईट वाटायला लागलं. माझ्याही घरात अशाच जागा आहेत. चहा टाकताना मी अजून "साखर?" असं विचारते आणि थांबते.

रविवारी नेल्सनचा फोन आला. शहाणपणाचं काय होतं ते मला कळत होतं. 'तुमची आई ठीक आहे, जुनी सवय आहे, एकटीच पुटपुटते' एवढं म्हणून मोकळं व्हायचं. मी ऐकलं असं सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आईबरोबर ड्राफ्ट्समनचंही डोकं गेलं म्हणेल, काम जाईल ते वेगळंच. पण मनगटावर तिची बोटं आठवत होती. 'तुला आयकू आलं ना?' आणि त्याने खरं मागितलं होतं.

"मी ऐकलं," मी म्हणाले. "उत्तर येतं. कुठून ते मला माहीत नाही. नळी कापलेली आहे, मी स्वतः बघितली. पण येतं."

त्याने मला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग जरा कोरडेपणाने, "मॅडम, तुम्ही ममाला बरं वाटावं म्हणून..."

"मी कुणाला बरं वाटावं म्हणून काही बोलत नाही. माझ्या सासरी विचारा."

"ओके. काय उत्तर येतं? सांगा मला."

मी कॅथलिक नाही. ती प्रार्थना मला त्याआधी येत नव्हती. पण एवढ्या वेळा ऐकल्यावर कानात बसली होती, तशी म्हणून दाखवली. शेवट "...आम्हा पाप्यांसाठी आता विनंती कर, आमेन" असा.

 तिकडे टीव्ही चालू होता, तो त्याने बंद केला.

"तुम्ही मधलं सोडलंत," तो म्हणाला. "ती ओळ 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' अशी आहे. सगळीकडे. प्रत्येक घरात, प्रत्येक चर्चमध्ये."

"मी ऐकलं तसं सांगितलं. तो 'आता' म्हणतो आणि पुढे जातो."

नेल्सन रडायला लागला. एवढा मोठा माणूस, सातासमुद्रापलीकडे, फोनवर हुंदके देऊन.  मग त्याने सांगितलं. बाबा वर आजारी पडल्यावर आई खाली बसून रोज ऐकायची, आणि वरच्या खोलीतून 'मरणाच्या वेळी' असं आलं की ती माळ सोडून जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभी राहायची. एक दिवस तिने फुंकणीतून सांगितलं, तेवढे शब्द तू म्हणू नको. तेव्हापासून शेवटपर्यंत त्याने ते गाळले. घरातल्या तिघांपलीकडे हे कुणालाही ठाऊक नव्हतं. रीटालाही नाही, फादरनाही नाही.

"तिला तिथेच राहू दे," तो म्हणाला. "नाताळात येतो मी. बिल्डरला नाही म्हणून सांगतो सध्या. तिला तिथेच राहू दे."

काम तसं दिवाळीच्या आसपास संपलं. फक्त सेक्शन काढायचं राहिलं होतं. सेक्शन म्हणजे घर सुरीने उभं कापल्यासारखं दाखवतात ते ड्रॉइंग. पण मी जात राहिले. कधी माप तपासायचं निमित्त, कधी भाजी घ्यायला आले होते असं निमित्त. फिलूबायला सगळं कळत होतं. "आली का मापवाली? आज काय लांब झालं, भिंत का खिडकी?" असं चिडवायची आणि फुगे पुढे करायची. (फुगे म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव. सणाला करतात, ती माझ्यासाठी उगाचच करायची.) खरं सांगायचं तर गेल्या कित्येक दिवसांत माझी वाट बघणारं असं कुणी नव्हतं. संध्याकाळी मी कोपऱ्यात बसायचे, ती म्हणायची, तो उत्तर द्यायचा. त्या हॉलमध्ये आम्ही तिघं असायचो. हे वाक्य लिहिताना मला स्वतःलाच कसंतरी होतंय, पण दुसरं कसं लिहू?

मग थंडी पडायला लागली तेव्हाची एक संध्याकाळ. नेहमीसारखी घंटा, नेहमीसारखी मेणबत्ती. तिने अर्धी म्हटली, थांबली. उत्तर सुरू झालं. आणि त्या दिवशी आवाज 'आता'पाशी थोडा अडखळला, आणि मग, अगदी हळू, पुढे म्हणाला — "...आणि आमच्या मरणाच्या वेळी."

 फिलूबायची माळ बोटांत थांबली होती. मला वाटलं, आता ती ओरडेल, रडेल. ती नुसती मान हलवत राहिली, कुणी समजुतीचं काही सांगितल्यावर हलवतात तशी. पुढची सगळी माळ तिने पूर्ण केली आणि प्रत्येक वेळी तिकडून उत्तर पूर्ण आलं.

मग तिने बूच लावलं. रोज साधंच लावायची, त्या दिवशी तळव्याने ठोकून घट्ट बसवलं.

"आज पुरं म्हनला," ती म्हणाली. "बरं झालं. मीच अडवून ठेवलं व्हतं त्याला."

मला रडू आवरेना. तीच मला थोपटत बसली. निघताना तिने मला बरोबर भोपळा दिला, वाडीतला, आणि म्हणाली, "नेल्सनला फोन कर. नाताळ लांब हाय, लवकर ये म्हनावं."

मी केला. तो आला, पुढच्याच आठवड्यात. आईजवळ चार रात्री मिळाल्या त्याला. पाचव्या सकाळी ती उठली नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बिछान्यात. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली, काही कळलं नसेल. तिला किती कळलं होतं ते मला आणि नेल्सनलाच ठाऊक.

नेल्सन होता त्या चारही संध्याकाळी फिलूबायने फुंकणी उघडलीच नाही. ती म्हणायची आणि तो शेजारी बसून उत्तर द्यायचा. पूर्ण.

घर अजून उभं आहे, किती दिवस ते माहीत नाही. नेल्सन जाताना हॉलमधलं पितळेचं तोंड काढून मला देऊन गेला. दुसरं त्याच्याकडे आहेच. सेक्शन पूर्ण करून मी त्याला पाठवलं. आमच्या धंद्यात जे आहे पण भिंतीआड दिसत नाही ते तुटक रेघेने दाखवतात, आणि जे काढून टाकलंय ते दाखवतच नाहीत. मी गर्डरपासून वरच्या खोलीपर्यंत नळीची तुटक रेघ काढली. ड्रॉइंग म्हणून ते चूक आहे. एखाद्या आर्किटेक्टने बघितलं तर विचारेल, आणि माझ्याकडे उत्तर नाही. फादरना आणि रीटाला जे ऐकू आलं नाही ते मलाच का आलं, याचंही नाही. मी विचार केला, शोध घेतला, चार जाणत्या माणसांशी बोलले. कुणी म्हणालं भिंतीत आवाज घुमतो, कुणी म्हणालं मनाचे खेळ. मग ते गाळलेले शब्द? तिथे सगळे विषय बदलतात.

पितळेचं तोंड आता माझ्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याशेजारी खिळ्याला लावलंय. त्याच्यामागे नुसती भिंत आहे, भिंतीमागे शेजाऱ्यांचं बाथरूम. संध्याकाळी मी टीव्ही बंद करून बूच काढते. पहिली अर्धी मला फिलूबायकडून येते, तेवढी मी म्हणते आणि थांबते. आमचे हे असतील तिकडे, तर उत्तर देतील असं वाटतं, पण ह्यांना ही प्रार्थना कुठून येणार!

अजून एकदाही काही आलेलं नाही. मग थोडं थांबून उरलेली अर्धी मीच म्हणते. मला ती येते ती बस्त्यावची, ते शब्द गाळलेली. तेवढे शब्द मी अजून म्हणत नाही.